सदोष अक्षरांची मालकी



हस्ताक्षर वाचणाऱ्या यंत्राला शिकविण्यासाठी मुद्दाम बिघडविलेली अक्षरे तयार करावी लागतात. ही अक्षरे बिघडविण्याच्या रीतीवर कोणा एकाला पेटंटचा हक्क सांगता येईल काय, आणि येत असल्यास त्या हक्काची हद्द कोठे संपावी, हा आजचा प्रश्न आहे. तो वरकरणी वकिलांच्या आणि अभियंत्यांच्या आपापसातील कज्जाचा वाटतो. परंतु ज्या अक्षरांवरून हे दावे लढविले जातात ती सामान्य माणसांच्या हातून उतरलेली असल्यामुळे त्याची झळ लिहिणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचते, अशी माझी धारणा आहे.

प्रथम यंत्राची गरज समजून घेऊ. आडवी रेघ आणि तिच्या टोकापासून खाली तिरकी उतरणारी रेघ म्हणजे इंग्रजी सात, असा नियम यंत्राला सांगता येतो. परंतु कोणी त्या सातच्या पोटात आडवी रेघ मारली, कोणी वरच्या रेघेला बाक दिला, कोणाची लेखणी मध्येच उचलली गेली, की तो नियम निरुपयोगी ठरतो. एकाच माणसाने एकाच कागदावर लिहिलेले दोन सात जेथे तंतोतंत जुळत नाहीत, तेथे सर्व माणसांचे सर्व सात नियमांच्या चौकटीत बसविण्याची आशा व्यर्थ होती. म्हणून नियम सांगण्याऐवजी नमुने दाखविण्याची पद्धत रूढ झाली. परंतु नमुने हजारोंनी लागतात, ते गोळा करावे लागतात आणि प्रत्येकावर हे अक्षर अमुक आहे अशी खूण माणसाकडून करून घ्यावी लागते. हे काम वेळखाऊ आणि खर्चाचे असते. तेव्हा हाती असलेले थोडे नमुने घेऊन गणिताच्या साहाय्याने त्यांना किंचित तिरपे करावे, ताणावे, पुसट करावे, त्यांच्या कडा खडबडीत कराव्यात, आणि एका अक्षरापासून शेकडो सदोष अक्षरे निर्माण करावीत, ही कल्पना पुढे आली.

या कल्पनेला शास्त्रीय शिस्त लावण्याच्या कामी अमेरिकेतील बेल लॅबोरेटरीज या संशोधनसंस्थेतील हेन्री बेअर्ड यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १९९० साली त्यांनी दस्तऐवजांच्या प्रतिमांतील दोषांचे एक गणिती प्रतिमान मांडले. त्यांचा विषय मुख्यतः छापील अक्षरांचा होता, आणि छापील अक्षर कागदावरून यंत्राच्या डोळ्यापर्यंत येताना ज्या ज्या कारणांनी बिघडते त्या कारणांची त्यांनी बारकाईने मोजदाद केली: कागद तिरपा ठेवला जाणे, उंची आणि रुंदी यांचे प्रमाण बदलणे, भिंगाचा नेम चुकून प्रतिमा धूसर होणे, प्रकाश टिपणाऱ्या प्रत्येक कणाची संवेदना कमीजास्त असणे, आणि करड्या छटेला काळे म्हणावे की पांढरे याची मर्यादा इकडेतिकडे सरकणे. प्रत्येक कारणाला एक अंक आणि त्या अंकाच्या चढउताराला एक संभाव्यता दिली की, संगणक हवी तितकी सदोष अक्षरे काढून देऊ लागतो, आणि ती खऱ्या जगातील दोषांशी मिळतीजुळती असतात. या कामावर १९९० मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि ऑगस्ट १९९८ मध्ये ते मंजूर झाले. तोवर बेल लॅबोरेटरीजचा तो भाग ल्युसेंट टेक्नॉलॉजीज या नव्या कंपनीकडे गेला होता. प्रतिमा-विश्लेषणासाठी सदोष प्रतिमांची निर्मिती आणि उपयोग, असा त्या पेटंटच्या शीर्षकाचा आशय आहे. शीर्षक इतके व्यापक आहे की, ते वाचून एखाद्या नवख्या संशोधकाने हात आखडता घेतला तर त्याला दोष देता येणार नाही.

परंतु पेटंटचा हक्क शीर्षकाने ठरत नाही. खरेदीखतात जमिनीची चतुःसीमा लिहिलेली असते आणि कब्जा त्या सीमेपुरताच मिळतो, गावाच्या नावावर मिळत नाही; तसेच पेटंटच्या अखेरीस क्रमांकवार लिहिलेल्या दाव्यांवरून हक्काची हद्द मोजावयाची असते. या क्षेत्रातील सदोष अक्षरांच्या प्रत्येक दाव्यापाशी पहिला प्रश्न उभा राहतो तो पूर्वज्ञानाचा, म्हणजे दावा केलेली गोष्ट अर्जापूर्वीच ठाऊक होती काय याचा. बेअर्ड यांच्या अर्जापूर्वी सात वर्षे, म्हणजे १९८३ मध्ये, जपानमधील के. इशी यांनी विकृत अक्षरांची निर्मिती आणि तिचे उपयोग या विषयावर निबंध प्रसिद्ध केला होता. अक्षरे कृत्रिम रीतीने बिघडवून त्यांवर यंत्र तयार करावे ही मूळ कल्पना त्या अर्थी १९९० मध्ये नवी नव्हती. नवे होते ते दोषांच्या भौतिक कारणांचे मोजमाप आणि त्या मोजमापावर उभारलेली निर्मितीची रीत. माझ्या मते कायद्याचे संरक्षण मिळावयाचेच असेल तर ते या दुसऱ्या गोष्टीपुरते मिळावे. शिकणाऱ्यापुढे चुकीचे, वाकडे, अर्धवट नमुने ठेवल्याने त्याची ओळख पक्की होते, हा विचार कोणाच्याही खाजगी मिळकतीत जमा होऊ शकत नाही.

अमेरिकेतील न्यायालयांनी ही हद्द आखताना पुष्कळ वळणे घेतली. १९७२ च्या बेन्सन खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने संख्यांचे रूपांतर करणाऱ्या गणिती रीतीला पेटंट नाकारले. १९८१ च्या डीअर खटल्यात रबर पक्के करण्याच्या कृतीत गणिती सूत्र वापरले म्हणून ती कृती अपात्र ठरत नाही असे म्हटले. १९९८ च्या जुलैत खालच्या अपील न्यायालयाने अशा रीतींच्या पेटंटचे दार सताड उघडले. आणि २०१४ च्या ॲलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा बरेचसे लोटून घेतले. बेअर्ड यांच्या पेटंटला मंजुरी मिळाली ती दार उघडल्यानंतर काही आठवड्यांतच, हे येथे नमूद करून पुढे जाऊ.

कारण या विषयात जो कज्जा सर्वांत दीर्घकाळ आणि सर्वांत कडवेपणाने लढला गेला, तो अक्षरे वाचणाऱ्या यंत्राने माणसाच्या दोषांशी कसे वागावे याविषयीचाच होता, आणि त्याच्या तपशिलात शिकण्यासारखे पुष्कळ आहे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात डेव्हिड गोल्डबर्ग यांनी एक वेगळीच लिपी रचली. यंत्राला माणसाचे अक्षर वाचता येत नसेल तर माणसानेच यंत्राला सोयीचे अक्षर काढावे, हे तिचे सूत्र होते. प्रत्येक अक्षर लेखणी न उचलता एकाच फटकाऱ्यात काढावयाचे. इंग्रजीत अतिशय वारंवार येणाऱ्या ई, ए, टी, आय आणि आर या अक्षरांना नुसत्या सरळ रेघा दिलेल्या. आणि सर्व चिन्हे एकमेकांपासून इतकी दूर राखलेली की कितीही ढिलाईने लिहिली तरी एकाचे दुसरे होऊ नये. माणसाच्या लेखनातील ढिलाई हाच एक अवकाश मानून त्या अवकाशात चिन्हांमध्ये पुरेसे अंतर ठेवणे, ही पेटंटमधील मध्यवर्ती कल्पना होती. मला ती कल्पना मोठी बुद्धिमान वाटते. दोष टाळण्याचा आव न आणता दोष गृहीत धरून रचना करणे हे शहाणपणाचे लक्षण आहे.

जानेवारी १९९७ मध्ये ते पेटंट मंजूर झाले आणि एप्रिलमध्ये झेरॉक्सने पाम या खिशात मावणाऱ्या संगणकाच्या मालक कंपनीवर फिर्याद दाखल केली. पामवर जेफ हॉकिन्स यांनी बनविलेली ग्राफिटी नावाची लिपी चालत असे. तीही बहुतांशी एका फटकाऱ्याची होती. मात्र तिची अक्षरे रोमन मोठ्या अक्षरांच्या वळणाजवळ राखलेली होती, उदाहरणार्थ ए काढताना मधली आडवी रेघ तेवढी गाळावयाची. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पाच मिनिटांच्या सरावानंतर लोक ९७ टक्के अचूकतेने ग्राफिटी लिहू लागल्याचे आढळले. कज्जाचा मुद्दा असा, की ग्राफिटीची चिन्हे पेटंटमध्ये सांगितल्याप्रमाणे एकमेकांपासून वेगळी राहतात काय, आणि लेखणी उचलताक्षणीच यंत्र अक्षर निश्चित करते काय. जिल्हा न्यायालयाने २००० साली उत्तर दिले की पेटंटचा भंग झालेला नाही. अपील न्यायालयाने २००१ च्या ऑक्टोबरात तो निकाल रद्द करून प्रकरण परत पाठविले. डिसेंबरात त्याच जिल्हा न्यायालयाने पेटंट वैध आहे आणि त्याचा भंग झाला आहे असा उलट फैसला दिला. २००३ मध्ये अपील न्यायालयाने भंगाचा निष्कर्ष कायम ठेवला, परंतु वैधतेची पुन्हा चौकशी करण्यास सांगितले. आणि २००४ च्या मे महिन्यात जिल्हा न्यायालयाने पूर्वज्ञानाच्या आधारे ते पेटंटच अवैध ठरविले. प्रकरण पुन्हा अपिलात गेले आणि जून २००६ मध्ये पामने २ कोटी २५ लाख डॉलर देऊन तडजोड केली, तेव्हा कोठे हा मामला मिटला.

या नऊ वर्षांत लिहिणाऱ्याचे काय झाले ते पाहा. २००३ च्या प्रारंभी, म्हणजे भंगाचा निकाल विरुद्ध गेलेला असताना, पामने आपली लिपी सोडून दुसऱ्या कंपनीकडून घेतलेली लिपी आणली. तिच्यात आय, टी, के यांसारखी अक्षरे दोन फटकाऱ्यांत काढावी लागत. ज्या असंख्य लोकांच्या बोटांना एक वळण लागले होते, जे पडद्याकडे न पाहता त्या वळणाने लिहू लागले होते, त्यांना दुसरे वळण गिरवावे लागले. आणि ज्या पेटंटमुळे हे घडले ते पुढच्याच वर्षी जिल्हा न्यायालयात अवैध ठरले. न्यायालयापुढे दोन कंपन्या पक्षकार होत्या. लिहिणारा पक्षकार नव्हता. पेटंट देण्याच्या अगोदर त्याची कसून छाननी व्हावी असा माझा जो आग्रह आहे, त्याच्या मुळाशी हेच कारण आहे. न्यायालयातील दुरुस्ती कितीही न्याय्य असली तरी ती पोहोचेपर्यंत लोकांच्या हाताची वहिवाट मोडलेली असते.

आता दुसऱ्या बाजूचे एक प्रकरण सांगतो. बेल लॅबोरेटरीजमध्येच यान लकून आणि त्यांचे सहकारी टपालावरील हस्तलिखित आकडे वाचणारी चेताजाळी (न्यूरल नेटवर्क), म्हणजे नमुन्यांवरून शिकणाऱ्या संगणकीय रचना, बांधीत होते. त्यांनी रचलेल्या विशिष्ट जाळ्यांवर १९८९ आणि १९९० मध्ये पेटंटचे अर्ज झाले व ते मंजूरही झाले. १९९६ मध्ये एटी अँड टी या मूळ कंपनीचे विभाजन झाले तेव्हा ही पेटंटे एनसीआर या तिसऱ्याच घटकाच्या वाट्याला गेली, कारण बँकांचे धनादेश वाचणारी यंत्रे तो घटक विकत असे. लकून यांनी स्वतः जाहीरपणे सांगितले आहे की, २००७ मध्ये मुदत संपेपर्यंत ज्यांनी शोध लावला त्यांच्या हाती त्याचा हक्क नव्हता आणि ज्यांच्या हाती हक्क होता त्यांच्याकडे त्याचे मोल जाणणारे कोणी नव्हते. वाटणीपत्रात विद्येची अशी फाळणी होते हे पाहून मन विषण्ण होते.

त्याच काळात त्याच मंडळींनी एक गोष्ट मात्र जगाला मोकळ्या हाताने दिली. अमेरिकेच्या मानक-संस्थेने जमविलेल्या हस्तलिखित आकड्यांतून त्यांनी ७०,००० नमुन्यांचा एक संच नीटनेटका करून खुला केला. त्यांपैकी ६०,००० शिकविण्यासाठी आणि १०,००० परीक्षेसाठी. एमनिस्ट या नावाने तो प्रसिद्ध आहे. त्यातील निम्मे आकडे जनगणना खात्यातील कर्मचाऱ्यांनी लिहिलेले आहेत आणि निम्मे माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांनी. कर्मचाऱ्यांचे आकडे वळणदार आणि मुलांचे आकडे ओबडधोबड असल्यामुळे दोन्ही मिसळावे लागले, कारण नुसत्या वळणदार आकड्यांवर शिकलेले यंत्र मुलांच्या आकड्यांपुढे गडबडून जाई. त्या मुलांची नावे कोणास ठाऊक नाहीत. परंतु त्यांच्या अक्षरातील वैगुण्यांनी या शास्त्रावर जे उपकार केले ते कोणत्याही एका पेटंटने केले नाहीत, असे मी जबाबदारीने म्हणतो.

या खुल्या नमुन्यांवर पुढे काय उभे राहिले ते पाहण्यासारखे आहे. १९९८ च्या निबंधात लकून प्रभृतींनी मूळ नमुन्यांवर ०.९५ टक्के चुका करणारे जाळे कृत्रिमरीत्या बिघडविलेल्या नमुन्यांच्या जोडीने ०.८ टक्क्यांवर आणले. २००३ मध्ये मायक्रोसॉफ्टमधील पॅट्रिस सिमार्ड, डेव्ह स्टाइनक्राउस आणि जॉन प्लॅट यांनी एडिंबरोच्या परिषदेत एक निराळी विकृती मांडली. आकड्याच्या प्रतिमेतील प्रत्येक बिंदू यदृच्छया थोडा सरकवावयाचा, परंतु शेजारच्या बिंदूंची सरकण एकमेकांशी जुळती राहील अशा रीतीने ती मृदू करावयाची. हाताच्या स्नायूंना आवरता न येणारा कंप आणि त्यांच्या जडत्वामुळे त्या कंपाला बसणारा आळा, यांचे ते गणिती अनुकरण होते. चुकांचे प्रमाण ०.४ टक्क्यांवर आले. २०१० मध्ये स्वित्झर्लंडच्या लुगानो येथील संशोधकांनी अगदी साध्या रचनेचे पण मोठे जाळे अशाच विकृत नमुन्यांवर शिकवून ०.३५ टक्क्यांपर्यंत मजल मारली. या प्रत्येक टप्प्यावर मागच्याची रीत पुढच्याने उघडपणे वाचली, तपासली आणि सुधारली. नमुने एकाच्या कुलपात आणि बिघडविण्याची रीत दुसऱ्याच्या कुलपात असती, तर हे बारा वर्षांत घडून आले असते असे मला वाटत नाही.

यावर कोणी म्हणेल की, मग पेटंट नकोच म्हणा ना. तसे मी म्हणत नाही. युरोपीय पेटंट कार्यालयाने २०१८ मध्ये आपल्या मार्गदर्शक तत्त्वांत या प्रश्नाला थेट हात घातला. वर्गीकरणाची पद्धत एखाद्या तांत्रिक प्रयोजनासाठी असेल, आणि शिकवणीचा नमुनासंच तयार करण्याची कृती त्या प्रयोजनास साहाय्यभूत होत असेल, तर त्या कृतीनेही शोधाला तांत्रिक स्वरूप येऊ शकते, असा त्यांचा अभिप्राय आहे. अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०२५ च्या एप्रिलमध्ये रिसेंटिव्ह खटल्यात उलट बाजूची हद्द सांगितली: रूढ असलेली यंत्रशिक्षणाची रीत केवळ नव्या प्रकारच्या माहितीला लावली म्हणून ती पेटंटला पात्र होत नाही. दोन्ही एकत्र वाचले असता जी वाट दिसते ती मला न्याय्य वाटते. रीत नवी आणि तिचा परिणाम मोजता येण्याजोगा असेल तर तिला मुदतीचा हक्क द्यावा; जुनी रीत नव्या लिपीवर चालविली एवढ्यावरून देऊ नये.

नव्या लिपीचे नाव काढले की आपण घरी येतो. देवनागरी अक्षर बिघडविणे हे इंग्रजी आकडा बिघडविण्याइतके सोपे नाही. घ आणि ध, म आणि भ या जोड्या घ्या. घाईच्या लेखनात त्यांच्यातील भेद पुष्कळदा शिरोरेघेतील एका लहानशा खंडावर टिकून असतो. स्नायूंच्या कंपाचे अनुकरण करणारी विकृती जराशी जोरात लावली की तो खंड बुजतो आणि ध चा घ होतो. परंतु यंत्राला मात्र आपण तो ध म्हणूनच दाखवीत राहतो. अनुस्वाराचा ठिपका धूसर केला की तो नाहीसा होतो आणि शब्द बदलतो. रफार जागचा हलला की दुसऱ्याच अक्षरावर बसतो. मोडीची तऱ्हा तर याहून न्यारी: तेथे पानभर शिरोरेघ आधी आखून घ्यावयाची आणि लेखणी शक्यतो न उचलता अक्षरे तिला लटकावीत जावयाचे, तर देवनागरीत बहुधा शब्द पुरा झाल्यावर रेघ ओढली जाते. म्हणजे दोष उत्पन्न होण्याचा क्रमच दोन लिप्यांत वेगळा आहे, आणि जे प्रतिमान हा क्रम पाळील तेच पुण्याच्या पेशवे दप्तरातील मोडी कागद वाचणाऱ्या यंत्राच्या उपयोगी पडेल. अशा प्रतिमानात खरा शोध असू शकतो, आणि तो करणाऱ्याचा हक्क मी नाकारणार नाही. मात्र शिरोरेघ तुटते, ठिपका पुसतो, ही वस्तुस्थिती त्याच्या हक्काच्या आत येता कामा नये.

नमुन्यांच्या बाबतीत आपल्याकडे अगदीच दुष्काळ नाही. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील उज्ज्वल भट्टाचार्य आणि बिद्युत बरन चौधुरी यांनी टपालावरील पत्ते आणि नोकरीचे अर्ज यांसारख्या खऱ्या कागदांतून १,०४९ लोकांनी लिहिलेले २२,५५६ देवनागरी आकडे जमविले आणि २००९ मध्ये त्यांवरील काम प्रसिद्ध केले. नेपाळमधील संशोधकांनी २०१५ मध्ये ४६ वर्णांचे आणि अंकांचे ९२,००० नमुने खुले केले. परंतु जोडाक्षरे, मात्रा, रफार यांसह सलग लिहिलेले मराठी, आपल्या वळणाचे ल आणि श, शाळेतील मुलांचे आणि म्हाताऱ्या माणसांचे अक्षर, आणि मोडी, यांचा सर्वांना वापरता येईल असा मोठा संच महाराष्ट्रातील विद्यापीठांनी उभारला पाहिजे. त्यासाठी मी आग्रहपूर्वक विनंती करीत आहे.

आपला कायदा या कामी बराच अनुकूल आहे. १९७० च्या पेटंट कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने कलम ३(के) हे जे उपकलम आले, त्यानुसार गणिती पद्धती, केवळ संगणकीय आज्ञावली आणि अल्गोरिदम यांना शोध मानले जात नाही. २००४ च्या अखेरच्या वटहुकुमाने हे उपकलम सैल करण्याचा प्रयत्न केला होता. संसदेने २००५ चा कायदा करताना तो स्वीकारला नाही. शिवाय कलम २५ अन्वये पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणीही व्यक्ती लेखी हरकत घेऊ शकते. पक्षकार असण्याची अट तेथे नाही. झेरॉक्स आणि पाम यांच्या कज्जात लिहिणाऱ्याला जी जागा मिळाली नाही ती येथे कायद्याने दिलेली आहे. मात्र मार्च २०२४ च्या नियमांनी अशा हरकतीवर शुल्क बसविले आणि ती मुळात विचारात घ्यावी की नाही याची प्राथमिक छाननी नियंत्रकाच्या हाती दिली. सधन कंपनीला हे शुल्क जाणवणार नाही. एखाद्या तालुक्याच्या महाविद्यालयातील अध्यापकाला जाणवेल. सार्वजनिक हितासाठी घेतलेल्या हरकतीला या शुल्कातून सूट मिळावी, अशी मागणी वकिलांच्या आणि अध्यापकांच्या संघटनांनी केली पाहिजे.

आणि हरकत टिकावयाची तर पूर्वज्ञानाचा पुरावा तारखेनिशी हजर करावा लागतो. आपल्याकडे पुष्कळ चांगले काम पदव्युत्तर प्रबंधांत होते आणि विभागाच्या कपाटात राहते. शिरोरेघ कोणत्या क्रमाने तोडली, ठिपका किती टक्के नमुन्यांत गाळला, ध आणि घ यांच्यातील खंड राखण्यासाठी विकृतीला कोणती मर्यादा घातली, हे सर्व आज्ञावलीसह आणि प्रसिद्धीच्या तारखेसह कोणासही वाचता येईल अशा ठिकाणी मांडले गेले, तर महाराष्ट्रातून मुंबईच्या पेटंट कार्यालयात दाखल होणाऱ्या अर्जांची छाननी करणाऱ्या परीक्षकाला ते शोधताना सापडेल, आणि पुष्कळ प्रकरणांत हरकत घेण्याची वेळच येणार नाही.